वेदना, संमोहन आणि चुंबक

यंदाच्या स्मरणिकेसाठी मी बाजारभावावर अथवा मार्केट यार्डाच्या अडचणींवर लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असावी. ते विषय जाणती मंडळी हाताळतीलच. धान्याच्या पेढीवर चाळीस वर्षे काढलेल्या मॅट्रिक माणसाने मेंदूविषयी लिहावे हा आगाऊपणा होय, हे मी जाणतो. परंतु घरात दुखणे शिरले म्हणजे माणसास नको नको ते वाचावे लागते.

गेली सात वर्षे आमच्या सौ. हिचे सर्वांग दुखते. मान, खांदे, कंबर, पोटऱ्या. आज येथे तर उद्या तेथे. रात्रभर झोपूनही सकाळी अंग कुटून काढल्यासारखे होते. निपाणी, बेळगाव, मिरज, कोल्हापूर असा फेरा झाला. रक्त तपासले, क्ष-किरण चित्रे काढली, एमआरआय केला. सर्व काही ठीक! एका डॉक्टरांनी तिच्याऐवजी माझ्याकडे पाहून ‘हे मनाचे आहे’ असा निर्वाळा दिला आणि मी तो खरा मानला. पुढे दीपावलीच्या पाडव्यास वहीपूजनाची वेळ झाली तरी ती अंथरुणावरून उठेना, तेव्हा ‘कागद तर सारे स्वच्छ आहेत, मग दुखते तरी कुठे?’ असे मी सुनांदेखत बोलून गेलो. ती काही बोलली नाही. उठली, आणि पूजेचे ताट घेऊन पेढीवर आली. ताटातील निरांजन हलत होते, ते वाऱ्याने नव्हे. हे मला तेव्हा दिसले, पण कळले नाही.

ते कळावयास बेळगावी वैद्यकीय शिक्षण घेणारा माझा पुतण्या कारण झाला. तो म्हणाला, “काका, काकूंचे दुखणे खोटे नाही. त्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात.” हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. स्नायू वा हाड मोडलेले नसते. शरीरातून येणाऱ्या साध्या संदेशाचा मेंदू व मज्जारज्जू फार मोठा हिशेब मांडतात. मला ते माझ्या धंद्यातून उमगले. पारड्यात काही नसता काटा दहा किलो दाखवू लागला, तर आपण पोते उसवून काय शोधणार? दोष काट्यात आहे. परंतु पैसे मात्र काट्यावरच्या आकड्याप्रमाणेच मोजावे लागतात, आणि रोगी ते रोज मोजत असतो.

काट्यात दोष असेल तर तो काट्यापाशीच दुरुस्त करावा लागेल. संमोहनाचा विषय येथे येतो. वाचकांपैकी माझ्या वयाच्या मंडळींनी संमोहनाचे जाहीर प्रयोग पाहिले असतील. माझ्या लहानपणी असा एक प्रयोग आम्ही बेळगावी पाहिला. आमच्याच समाजातील एका दुकानदाराच्या मुलास रंगमंचावर बोलावून, सफरचंद म्हणून कच्चा कांदा खावयास दिला. ज्या घरात कांदा उंबरठ्याच्या आत येत नसे, त्या घरचा मुलगा! केवढा गहजब झाला. पुष्कळ वर्षांनी त्या गृहस्थांस मी खरे काय ते विचारले. ते हसून म्हणाले, “कांदा आहे हे मला ठाऊक होते. पण त्या वेळी ते ठाऊक असणे कुठेतरी लांब बसले होते.”

जाणत्यांचे मतही याहून फार निराळे नाही. संमोहन म्हणजे झोप नव्हे, बेशुद्धी नव्हे, दुसऱ्याची गुलामीही नव्हे. चित्त एका गोष्टीवर इतके एकवटते की बाकीचे सारे मागे सरते. १९९७ साली पिअर रेनव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांचे हात ४७ अंश उष्णतेच्या पाण्यात ठेवून, संमोहनाने वेदनेचा त्रास तेवढा कमी-अधिक करून पाहिला. चटक्याची तीव्रता नोंदणारा मेंदूचा भाग होता तसाच राहिला. त्रासाशी निगडित असलेल्या भागाचे काम मात्र बदलले. म्हणजे दुखणे आणि दुखण्याचा जाच ही खतावणीतील दोन निरनिराळी खाती झाली. हे वाचताना मला मातोश्रींची आठवण झाली. सामायिकाला त्या ४८ मिनिटे बसत. गुडघा दुखत नाही का, असे विचारल्यास म्हणत, “दुखतो रे, पण माझ्यापर्यंत येत नाही.” सामायिक आणि संमोहन एकच, असे माझे म्हणणे नाही, त्यांचे हेतू अगदी वेगळे आहेत.

या विद्येचा आणि चुंबकाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात मेस्मर नावाच्या वैद्याने प्राण्यांच्या शरीरात चुंबकीय द्रव वाहतो असे प्रतिपादून पॅरिस गाजविले. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, जीत बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए होते, असा द्रव मुळी नाहीच, सारा प्रभाव कल्पनेचा आहे, असा निर्णय दिला. निर्णय योग्य होता. पण कल्पनेने एवढे घडते तर कल्पना ही काय चीज आहे, हे विचारावयाचे राहून गेले.

ते कोडे पुढे आपल्याच देशात ठळकपणे समोर आले. बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल हे कंपनी सरकारचे स्कॉटिश शल्यवैद्य होते. तेव्हा भूल देण्याचे औषध नव्हते. चार जणांनी रोग्यास धरावयाचे आणि वैद्याने कापावयाचे. एप्रिल १८४५ मध्ये त्यांनी एका कैद्यावर मेस्मरच्या रीतीने हात फिरविले, आणि त्यास वेदना जाणवेनाशी झाली. पुढील आठ महिन्यांत अशा ७३ वेदनारहित शस्त्रक्रिया केल्याची नोंद त्यांनी आपल्या ग्रंथात केली आहे. रोग्यावर कित्येक तास हात फिरविण्याचे काम त्यांचे देशी मदतनीस करीत. त्यांची नावे कोणी ध्यानात ठेवली नाहीत. १८४६ च्या नोव्हेंबरात सरकारने त्यांना कलकत्त्यात एक लहान रुग्णालयही दिले. परंतु त्याच्याच आदल्या महिन्यात अमेरिकेत बोस्टन येथे ईथरची भूल यशस्वी ठरली होती, व १८४७ साली क्लोरोफॉर्म आला. बाटलीतील औषध मिनिटांत आणि बहुतेक सर्वांवर चालते. मग तासन्‌तास हात कोण फिरवील?

संमोहनाची खरी अडचणही हीच की ते सर्वांवर सारखे चालत नाही. सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांवर त्याचा थोडाफार परिणाम होतो. अत्यंत उत्तम परिणाम होणारे सुमारे १५ टक्केच. आणि ही क्षमता वयाबरोबर फारशी बदलत नाही. आमच्या सौ. हिची तपासणी झाली तेव्हा तिची गणना मधल्या वर्गात झाली.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी या अडचणीसच हात घातला. त्यांत वेदनेवर संमोहनाचा उपयोग करणारे डेव्हिड स्पीगेल होते, तसेच नोलन विल्यम्स व अफिक फेर्मन हेही होते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. फायब्रोमायल्जियाच्या ८० रोग्यांचे त्यांनी दोन गट केले. कपाळाच्या डाव्या बाजूस, थोडे वर, मेंदूचा जो भाग आहे त्यावर चुंबकीय स्पंदने दिली. नेमकी जागा प्रत्येकाच्या मेंदूचे चित्र पाहून ठरविली. ४६ सेकंदांचा एक, असे दोन हप्ते. एकूण दीड मिनिटच म्हणा ना. दुसऱ्या गटास तसाच देखावा केला, स्पंदने दिली नाहीत. कोणास खरे मिळाले हे रोग्यांस कळू दिले नाही.

यात जादू नाही. तारेच्या वेटोळ्यातील प्रवाह झपाट्याने बदलला की शेजारच्या वाहकात प्रवाह उत्पन्न होतो, हे फॅरडे यांनी १८३१ साली दाखविले. शेफिल्ड येथील अँथनी बार्कर यांनी १९८५ साली ते वेटोळे डोक्यावर धरले. येथे वाहक म्हणजे मेंदू. कवटी उघडावी लागत नाही, भूल लागत नाही, टकटक असा आवाज होतो व टिचकी मारल्यासारखे वाटते. वेड्यांच्या इस्पितळातील ‘शॉक’ तो हा नव्हे. खिन्नतेच्या विकारासाठी या उपचारास अमेरिकेत २००८ पासून मान्यता आहे, आणि आपल्या राज्यात बंगळूरच्या निम्हान्समध्येही तो दिला जातो.

निष्कर्ष असा की ज्यांना खरी स्पंदने मिळाली त्यांची संमोहनक्षमता दहाच्या मापावर सुमारे एका अंकाने वाढली. तासाभराने पुन्हा मापले, तेव्हा दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. मिळाले ते एवढेच. परंतु आयुष्यभर न हलणारा आकडा दीड मिनिटाने हलला, ही गोष्ट लहान नव्हे. त्या तासाभराच्या सवलतीत संमोहनाचा धडा दिल्यास तो अधिक खोल उतरेल, अशी संशोधकांची आशा आहे.

आशा आणि आवक यांतील अंतर मात्र व्यापाऱ्याने विसरू नये. या प्रयोगात मोजली ती संमोहनक्षमता. दुखणे किती उतरले, हा त्याचा निष्कर्ष नव्हे. हे सांगण्याचे कारण असे की गतवर्षी एका शहरातील हॉटेलच्या खोलीत एका ‘तज्ज्ञां’नी डोक्याला पट्टा बांधून व कानात मंत्र सांगून तीन बैठकांत खात्रीचा गुण, असे म्हणून माझ्याकडून मोठी रक्कम आगाऊ घेतली. धान्य घेताना मी दहा पोत्यांतून मूठभर नमुना काढल्याशिवाय भाव बोलत नाही. तेथे मात्र नमुनाही मागितला नाही. कोणी यंत्र दाखविल्यास चालविणारा डॉक्टर कोण, हे प्रथम विचारावे. डोक्यात धातूचे काही बसविलेले असेल, कानात श्रवणयंत्र रोपलेले असेल अथवा फेफऱ्याचे झटके येत असतील, तर ते आधी सांगितलेच पाहिजे.

हल्ली सौ. बेळगावच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडून साधे स्वसंमोहन शिकली आहे. रोज सायंकाळी वीस मिनिटे ती माडीवर दार लावून बसते, आणि त्या वेळी तिला कोणी हाक मारावयाची नाही असा दंडक मी घातला आहे. चुंबकाच्या चौकशीसाठी आम्ही दोघे पावसाळ्यानंतर बंगळूरास जाणार आहोत. तोवर पेढीवरील एका कोऱ्या रोजकीर्दीत ती दररोज दुखण्याचा आकडा मांडते, शून्य ते दहा. सात, सात, आठ, सात अशी रांग आहे. मागील महिन्यात त्यात दोनदा चार दिसले. त्या दोन दिवशी निराळे काय घडले होते, हे आम्ही दोघे मिळून अजून शोधतो आहोत.