यकृताचा विकार आणि बुद्धिभ्रम

जुन्या यकृतविकाराने आजारी असलेला एखादा मनुष्य दिवसभर पेंगू लागतो आणि रात्र मात्र टक्क जागा राहून काढतो. एरवी मितभाषी असलेला तो गृहस्थ असंबद्ध बोलतो, वार विसरतो, क्षुल्लक कारणावरून संतापतो. सदऱ्याची बटणे लावताना त्याची बोटे चुकतात. बेळगाव-निपाणी परिसरातील खेड्यांत अशा वेळी निघणारे तर्क बहुधा ठरलेले असतात. तो मद्यपी असेल, तर ‘पुन्हा प्याला’ असे म्हणून त्याला कोपऱ्यात निजू दिले जाते. वयस्क असेल, तर म्हातारपणाचा चळ समजून दुर्लक्ष केले जाते. यांपैकी काहीच लागू पडत नसेल, तर बाधा किंवा करणी झाली असे मानून देवरुष्याकडे धाव घेतली जाते.

हे तिन्ही तर्क घातक ठरू शकतात. यकृताच्या रुग्णाच्या वागण्यात एकाएकी पडलेला फरक हे पुष्कळदा मेंदूवर विषारी द्रव्यांचा परिणाम होत असल्याचे चिन्ह असते, आणि त्या द्रव्यांत अमोनिया हे प्रमुख होय. वेळीच उपचार झाल्यास असा रुग्ण बहुधा पुन्हा शुद्धीवर येतो व घरच्यांना ओळखू लागतो. उशीर झाल्यास मात्र तो बेशुद्धीत जाऊन दगावण्याचा संभव असतो. म्हणून या अवस्थेची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे आवश्यक आहे.

अमोनिया कोठून येतो?

आपण खातो त्या डाळी, दूध, मांस इत्यादी पदार्थांतील प्रथिनांचे पचन होत असता आतड्यांत अमोनिया तयार होतो. आतड्यांतील सूक्ष्म जंतूंचा यात मोठा वाटा असतो. तेथील रक्त सरळ यकृतात जाते आणि यकृत त्या अमोनियाचे रूपांतर युरियात करते. पुढे मूत्रपिंडे हा युरिया लघवीवाटे बाहेर टाकतात.

शेतकरी बांधवांना युरिया हा शब्द नवा नाही. पिकाला घालावयाच्या पोत्यातील युरिया आणि शरीराबाहेर टाकला जाणारा युरिया हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच द्रव्य होय. गोठ्यात जनावरांचे मूत्र साचून राहिले की जो नाकाला झोंबणारा वास येतो, तो त्यातील युरियापासून पुन्हा तयार झालेल्या अमोनियाचा असतो. हे उग्र द्रव्य निरुपद्रवी करून टाकण्याचे काम निरोगी यकृत अहोरात्र करीत असते.

अतिमद्यपान, ‘ब’ व ‘क’ प्रकारची दीर्घकाळ टिकणारी कावीळ, किंवा मधुमेह व स्थूलता यांमुळे यकृतात साठलेली चरबी अशा कारणांनी यकृत हळूहळू निबर होते. या विकारास सिरॉसिस म्हणतात. निबर यकृताची काम करण्याची शक्ती घटते. शिवाय त्यातून रक्त सुरळीत वाहत नसल्याने काही रक्त आडवाटेने, शुद्ध न होताच शरीरभर पसरते. त्याबरोबर अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. तेथील आधारपेशी त्याला सामावून घेण्याच्या प्रयत्नात फुगतात आणि मेंदूचे कार्य मंदावते. जो विकार मनाचा भासतो त्याचे मूळ असे पोटात असते.

लक्षणे कशी ओळखावीत?

पहिल्या पायरीवर झोपेचे चक्र उलटे होते, लक्ष लागत नाही, स्वभाव बदलतो. दुसऱ्या पायरीवर सुस्ती येते, वार-तारीख सांगता येत नाही, वागणे विसंगत होते. या सुमारास दोन्ही हात पुढे ताठ धरून पंजे वर उचलण्यास सांगितले, तर पंजे पाखराने पंख फडफडवावेत तसे राहून राहून खाली पडतात. तिसऱ्या पायरीवर रुग्ण गुंगीत असतो, हाक मारल्यास डोळे उघडतो, पण कोठे आहोत हे त्याला कळत नाही. चौथी पायरी म्हणजे पूर्ण बेशुद्धी.

पहिली पायरी घरच्या माणसांनाच ओळखता येते. त्यासाठी दोन साध्या गोष्टी करता येतील. रुग्णाकडून एका वहीत रोज सही किंवा एखादी ओळ लिहून घ्यावी. अक्षर एकाएकी बिघडले तर सावध व्हावे. तसेच त्याला एका मिनिटात जितकी आठवतील तितकी प्राण्यांची नावे सांगण्यास लावावे. ही चाचणी वैद्यकीय क्षेत्रातही वापरली जाते. पंधराहून अधिक नावे येणे समाधानकारक मानतात, तर दहादेखील न येणे ही काळजीची बाब होय. रुग्णाने बरे असताना किती नावे सांगितली होती हे त्याच वहीत लिहून ठेवल्यास तुलना सोपी जाते. या चाचण्या ठीक आल्या तरी वागणे बदललेले दिसत असल्यास डॉक्टरांना दाखवावेच.

सीमाभागात येथे एक विशेष काळजी घ्यावी लागते. येथील अनेक माणसे घरी मराठी बोलतात आणि बाजारात व कचेरीत कन्नड. रुग्णाला प्रश्न विचारावयाचे ते त्याच्या घरच्या भाषेत विचारावेत. नव्याने आलेल्या डॉक्टरांना ती भाषा येत नसेल, तर रुग्ण भांबावला आहे की त्याला प्रश्नच समजला नाही, हे ठरविणे कठीण जाते. म्हणून रुग्णासमवेत त्याला नित्य पाहणारा नातेवाईक असावा आणि त्याने ‘परवापर्यंत हे असे बोलत नव्हते’ ही गोष्ट स्पष्टपणे सांगावी.

निमित्ते कोणती?

यकृत बिघडलेले असूनही अनेक रुग्ण बरेच दिवस ठीक असतात. मग एखादे निमित्त घडते आणि तोल जातो. ते निमित्त शोधून दूर करणे हा उपचाराचा गाभा होय. नेहमी आढळणारी निमित्ते पुढीलप्रमाणे आहेत :

(१) बद्धकोष्ठ. मळ आतड्यांत तुंबून राहिला की अमोनिया अधिक प्रमाणात शोषला जातो.
(२) जंतुसंसर्ग. ताप येणे, लघवीची आग होणे, तसेच जलोदराच्या रुग्णाचे पोट दुखणे या गोष्टी हलक्या समजू नयेत.
(३) पोटात रक्तस्राव. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखा काळा मळ हे त्याचे चिन्ह.
(४) शरीरातील पाणी व क्षार कमी होणे. जुलाब, उलट्या, किंवा लघवी होण्याच्या गोळ्या प्रमाणाबाहेर घेणे ही त्याची कारणे.
(५) झोपेच्या गोळ्या व गुंगी आणणारी औषधे. रुग्ण रात्री जागतो म्हणून त्याला झोपेची गोळी देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.
(६) मद्यपान, तसेच दीर्घ उपवास.

अंगदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे मूत्रपिंडांस इजा होऊन व पोटात रक्तस्राव होऊन हेच संकट ओढवू शकते. म्हणून यकृताच्या रुग्णाने कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. ज्यांतील घटक ठाऊक नाहीत अशा मुळ्या, काढे व पुड्या यांबाबतही हाच नियम पाळावा.

तातडीने काय करावे?

रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागताच त्याला रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. तो गुंगीत असल्यास तोंडाने पाणी, दूध अथवा औषध घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला कुशीवर निजवावे आणि एकटे सोडू नये. चालू असलेली सर्व औषधे व जुने कागद बरोबर घ्यावेत. मधुमेहाच्या औषधांनी रक्तातील साखर उतरणे, पडून डोक्याला मार लागणे किंवा पक्षाघात होणे यांतही अशीच लक्षणे दिसू शकतात. साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही चटकन होते. ती करून घेऊन पुढे जावे.

निपाणीकरांना कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरवर आणि बेळगाव सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. कोल्हापूरला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. बेळगावला जिल्हा रुग्णालय आणि के. एल. ई. संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. अशा प्रसंगी राज्याची सीमा न पाहता जे मोठे रुग्णालय लवकर गाठता येईल तेथे जावे. शिधापत्रिका व आधारपत्र जवळ ठेवावे आणि शासकीय आरोग्य योजनांचा लाभ मिळू शकेल काय, याची चौकशी रुग्णालयातील साहाय्य कक्षात करावी.

अमोनियाच्या रक्ततपासणीविषयी थोडे सांगणे जरूर आहे. रक्त काढल्यानंतर नमुना बर्फात ठेवून त्वरित तपासावा लागतो. तो बराच वेळ तसाच राहिला तर आकडा खोटाच वाढतो. शिवाय आकडा किती मोठा आहे यावरून आजाराची तीव्रता ठरत नाही. म्हणून गावातून नमुना शहरात पाठवून अहवालाची वाट पाहत बसू नये. अमोनिया अगदी प्रमाणात आढळल्यास मात्र डॉक्टर भ्रमाचे दुसरे कारण शोधतात.

औषधे

या विकारावरील मुख्य औषध म्हणजे लॅक्टुलोज हे गोड, पातळ औषध होय. या कामी त्याचा वापर १९६६ पासून होत आला आहे. आतड्यांतील जंतू त्यापासून आम्ल तयार करतात. त्या आम्लामुळे अमोनिया आतड्यांतच अडकून मळावाटे निघून जातो. साधारणतः १५ ते ३० मिलिलिटर औषध दिवसातून दोन-तीन वेळा देतात, परंतु खरे माप शौचाचे असते. दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौचास होईल इतकेच औषध घ्यावयाचे. शौचास झाले नाही तर मात्रा वाढवावी लागते. पाण्यासारखे जुलाब झाले तर कमी करावी लागते, अन्यथा शरीरातील पाणी घटून भ्रम उलट वाढतो. हा फेरबदल कसा करावयाचा हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावे.

रुग्ण बरा दिसू लागला की पुष्कळ कुटुंबांत हे औषध बंद केले जाते. ही चूक महागात पडते. दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयातील डॉक्टरांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकदा भ्रमातून बाहेर आलेल्या रुग्णांपैकी ज्यांनी लॅक्टुलोज चालू ठेवले, त्यांच्यात शेकडा सुमारे २० जणांना पुन्हा झटका आला. ज्यांना ते दिले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा सुमारे ४७ होते. झटके वारंवार येत असतील तर रिफॅक्सिमिन हे जंतुनाशक औषध जोडीस दिले जाते. जेथे औषधांनीही भागत नाही, तेथे यकृतरोपणाचा विचार तज्ज्ञ करतात.

आहाराविषयीचा गैरसमज

१८९३ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे पाव्हलॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आतड्यांचे रक्त यकृताला वगळून परस्पर पुढे जाईल अशी शस्त्रक्रिया केलेल्या कुत्र्यांना मांस खाऊ घातले की ते भ्रमिष्टासारखे वागत, असे त्यांना दिसून आले. यावरून पुढे यकृताच्या रुग्णाची प्रथिने तोडण्याची प्रथा पडली आणि ती दीर्घकाळ चालली. बार्सिलोना येथील डॉक्टरांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र प्रथिने तोडल्याने भ्रम लवकर उतरत नाही, उलट शरीराची झीज वाढते, असे आढळले.

याचे कारण समजण्यासारखे आहे. यकृत थकले की अमोनिया जिरविण्याचे काही काम स्नायू करतात. उपाशी ठेवून रुग्णाचे स्नायू झिजविले, तर ही दुसरी वाटही बंद होते. म्हणून आता शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने देण्याची शिफारस केली जाते. साठ किलो वजनाच्या माणसासाठी हे प्रमाण ७२ ते ९० ग्रॅम होते. डाळी, कडधान्ये, दूध, दही व ताक यांतील प्रथिने अशा रुग्णांना विशेष मानवतात. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, मोडाची उसळ व ताक हे आपल्याकडचे जेवण त्यास सोयीचे आहे; त्यातील कोंड्यामुळे शौचासही साफ होते.

रुग्णाने एकदम पोटभर न जेवता थोडे थोडे अनेकदा खावे. रात्रीचा उपवास लांबू नये म्हणून निजण्यापूर्वी दूध-भाकरीसारखे काही अवश्य घ्यावे. एकादशीचा अथवा अन्य कडक उपवास अशा रुग्णाने करू नये. पोटात पाणी झाले असल्यास मीठ, लोणचे व पापड कमी करावेत.

नवी कावीळ आणि भ्रम

वरील विवेचन जुन्या यकृतविकाराविषयी झाले. पूर्वी धडधाकट असलेल्या माणसास कावीळ होऊन थोड्याच दिवसांत किंवा आठवड्यांत तो बरळू लागला, तर ते तीव्र यकृतनिकामीपणाचे चिन्ह होय. येथे घरगुती उपायांत एक तासही दवडू नये. २०१२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी शहरात दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ उद्भवली होती. पाण्यावाटे पसरणारी ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, परंतु गरोदर स्त्रियांच्या बाबतीत ती प्राणघातक ठरू शकते. चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरविणे’ किंवा गळ्यात माळ घालणे यांनी यकृत सुधारत नाही. साथीच्या दिवसांत पाणी उकळून पिणे हाच खरा प्रतिबंध होय.

सर्वांचे सहकार्य

भ्रमाचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाने डॉक्टरांनी अनुमती दिल्यावाचून मोटारसायकल अथवा ट्रॅक्टर चालवू नये, कडबाकुट्टीच्या यंत्रावर बसू नये व रात्री एकट्याने मोटार सुरू करण्यास विहिरीवर जाऊ नये. भ्रमाच्या अवस्थेत त्याच्याकडून जमिनीच्या अथवा कर्जाच्या कागदांवर सह्या घेऊ नयेत. तलाठी व बँकेच्या कर्मचाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

‘ब’ व ‘क’ काविळीची तपासणी आणि औषधे २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमाद्वारे निःशुल्क उपलब्ध करून देण्यात येत आहेत. ‘क’ प्रकार गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. ‘ब’ प्रकारासाठी प्रतिबंधक लस असून तिची पहिली मात्रा बाळास जन्मानंतर चोवीस तासांच्या आत देतात. शिक्षकांनी शाळेत व ग्रामसेवकांनी ग्रामसभेत ही माहिती सांगितल्यास अनेक यकृते निबर होण्यापूर्वीच वाचतील.

मद्याच्या व्यसनामुळे ज्याचे यकृत बिघडले आहे, त्याच्याविषयी गावात सहानुभूती थोडी असते. त्याच्या बडबडण्याला कोणी आजार मानीत नाही. परंतु तोंडाला दारूचा वास नसताना, किंबहुना असतानाही, यकृताचा रुग्ण विसंगत वागत असेल, तर त्याला निजू न देता प्रथम रुग्णालयात न्यावे. तो नशेत होता की अमोनियाने ग्रासला होता, याचा निर्णय तेथे होईल. तो निर्णय घराच्या ओसरीवर करू नये.