गर्भावस्थेतील साखर : आकड्याइतकीच वेळही महत्त्वाची

गर्भधारणेचा मध्य उलटल्यावर वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे मातेच्या शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव कमी होत जातो, आणि ज्या स्त्रीचे स्वादुपिंड ही तूट भरून काढू शकत नाही, तिच्या रक्तातील साखर मर्यादेबाहेर जाते. यालाच गर्भावस्थेतील मधुमेह म्हणतात. मातेची साखर वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते, तिचे इन्सुलिन मात्र पोचत नाही. त्यामुळे गर्भ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करू लागतो, त्याचे वजन प्रमाणाबाहेर वाढू शकते आणि जन्मानंतर बाळाची साखर एकाएकी घसरण्याचा धोका उद्भवतो.

भारतात या विकाराच्या निदानासाठी पहिल्या तपासणीच्या वेळी आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, आणि दोन तासांनी साखर दर डेसिलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळल्यास विकार असल्याचे मानतात. निदानासाठी ही एक चाचणी पुरते. उपचाराला मात्र रोजच्या चढउतारांची माहिती लागते, आणि ती घरच्या ग्लुकोमीटरमधून मिळते. साखर उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एका तासाने १४० च्या खाली अथवा दोन तासांनी १२० च्या खाली असावी, असे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. हा वेळ जेवण संपल्यापासून नव्हे, तर पहिल्या घासापासून मोजायचा असतो.

मोजणीतील लहानशी चूकही आकडा बदलते. आंबा किंवा चिकू चिरलेल्या बोटावर राहिलेला रस रक्ताच्या थेंबात मिसळला, तर साखर वाढल्याचा खोटा भास होतो. म्हणून हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावे, आणि पट्ट्यांची बाटली लगेच घट्ट बंद करावी, कारण दमट हवेने पट्ट्या खराब होतात. तीव्र रक्तक्षयातही यंत्र प्रत्यक्षाहून अधिक साखर दाखवू शकते; त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असल्यास डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक ठरते.

सुटा आकडा फारसे काही सांगत नाही. वहीत त्याच्या शेजारी वेळ, खाल्लेले पदार्थ आणि औषधाची मात्रा लिहिली, तरच त्याचा अर्थ लागतो. दुपारचे व रात्रीचे आकडे ठीक असून केवळ सकाळी वाटीभर पोह्यांनंतरचा आकडा वरचेवर वाढत असेल, तर सकाळी इन्सुलिनला होणारा विरोध अधिक असतो हे लक्षात घेऊन पोहे कमी करून सोबत मोडाची उसळ घेण्याचा सल्ला देता येतो. उपाशीपोटीची साखरच सतत वाढलेली असेल, तर आहारातील बदल सहसा पुरत नाही आणि औषधाचा विचार करावा लागतो. यासाठीच वाढलेला आकडा दिसताच गर्भवतीला बोल लावणे घातक आहे, कारण बोलणी टाळण्यासाठी आकडे लपवले किंवा बदलले गेले, तर उपचारच चुकतात.

इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीला घाम, थरथर किंवा घाबरेपणा जाणवून साखर ७० च्या खाली आढळल्यास तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून तत्काळ द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि डॉक्टरांशी संपर्क साधावा. प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होते, परंतु अशा स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता बरीच अधिक असते. म्हणून बाळाच्या लसीकरणाची तारीख जितक्या काळजीने पाळली जाते, तितक्याच काळजीने सहा आठवड्यांनंतरची आईची ग्लुकोज चाचणीही घरच्यांनी पार पाडली पाहिजे.