जागेपणी न दिसलेला वाघ

मार्च-एप्रिलात मूल तालुक्याच्या जंगलात पहाटेपासून मोहफुलं गळतात. ऊन चढायच्या आत, गुरं नि चितळं तोंड लावायच्या आत ती वेचायची, म्हणून बाया-माणसं उजाडायलाच टोपल्या घेऊन निघतात. वाघाच्या हल्ल्याच्या बातम्याही याच दिवसांत येतात, आणि शहरातला माणूस सहज म्हणून जातो, 'सावध राहायला नको का?' हा आरोप अन्यायाचा आहे.

जागं असणं वेगळं आणि जाणीव होणं वेगळं. जागेपणाचा ताबा मेंदूच्या देठातल्या पेशींच्या जाळ्याकडे असतो, हे मोरुझी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये दाखवलं. पण जाग्या माणसाच्याही डोळ्यांसमोरचं सगळंच जाणिवेत उतरत नाही. सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना चित्रफितीतल्या खेळाडूंनी एकमेकांकडे टाकलेले चेंडू मोजायला सांगितले होते. मधेच गोरिलाच्या वेशातली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली, छाती बडवून गेली. जवळपास निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही! नजर तर पडद्यावरच होती. लक्ष मोजण्यात गुंतलं होतं.

पाचोळ्यातून फुलं टिपणाऱ्या बाईचंही असंच होतं. त्यात ती वाकलेली, म्हणजे नजर चार हातांच्या पलीकडे जात नाही.

जंगलातल्या प्राण्यांनी यावर तोड काढली आहे. चितळाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे वाघाचा केशरी रंग त्याला झाडोऱ्याच्या हिरव्यात मिसळल्यासारखा दिसतो. वानराकडे आपल्यासारखेच तीन प्रकार आहेत, शिवाय बसायला उंच फांदी. वानर ओरडलं की खाली चरणारं चितळ मान वर करतं. कळप मोठा असेल तर प्रत्येकाला पहाऱ्यासाठी कमी वेळ द्यावा लागतो आणि चरायला जास्त मिळतो.

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातल्या सीतारामपेठ गावात वाघ ओळखून इशारा देणारे कॅमेरे बसले, ते चांगलंच झालं. पण प्रत्येक मोहाखाली कॅमेरा पोचणार नाही. तिथं माणूसच हवा. मोह वेचायला जाल तेव्हा गटानं जा, आणि एकानं टोपली न घेता उभं राहून फक्त चौफेर पाहावं. त्याच्या वाट्याची फुलं बाकीच्यांनी आपल्या टोपलीतून द्यावीत.