आजोबांचे घड्याळ आणि नागपूरचा उन्हाळा

तुमच्या घरातील जुन्या पेटीत साखळीचे एखादे खिशातले घड्याळ पडून आहे का? नागपुरात १८६७ साली रेल्वे आली आणि १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. गाड्या आणि कामाच्या पाळ्या घड्याळाच्या काट्यावर चालू लागल्या. गार्ड, वकील, कचेरीतले कारकून अशांच्या कोटाच्या खिशातून घड्याळे दिसू लागली. त्यांतली काही आज नातवंडा-पतवंडांच्या हाती आली आहेत.

या घड्याळांचा एक मोठा शत्रू होता. कोणता, सांगा पाहू? उन्हाळा!

किल्ली दिली की घड्याळातील मोठी कमान गुंडाळली जाते. ती उलगडताना चाके फिरवते. ही चाके एकदम भरकन फिरून जाऊ नयेत म्हणून त्यांना तोलचक्र आवरून धरते. केसासारख्या बारीक पोलादी कमानीच्या जोरावर हे चक्र मागेपुढे हेलकावते. खिशातल्या बहुतेक जुन्या घड्याळांत ते सेकंदाला ५, म्हणजे दिवसाला ४,३२,००० हेलकावे घेते. हे हेलकावे म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी टिकटिक!

आता पोलाद तापले, की त्याचा ताठपणा किंचित कमी होतो. तोलचक्राचा घेरही थोडा वाढतो. दोन्हींमुळे हेलकावे मंदावतात. साध्या पितळी चक्राचे घड्याळ तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, तर दिवसाला सुमारे १० सेकंद मागे पडते. मग डिसेंबरात १५ अंशांच्या खोलीत बरोबर लावलेले घड्याळ मे महिन्यातील ४० अंशांत दिवसाला सुमारे ४ मिनिटे मागे पडेल. म्हणजे आठवड्यात जवळजवळ अर्धा तास! गाडी चुकलीच म्हणायची.

यावर अठराव्या शतकातील कारागिरांनी सुंदर युक्ती काढली. चक्राची कड दोन थरांची केली, बाहेर पितळ आणि आत पोलाद. कड दोन ठिकाणी चिरून टोके मोकळी ठेवली. उष्णतेने पितळ पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. त्यामुळे मोकळी टोके आत वळतात. घेर लहान झाला की चक्र जलद हलते आणि कमानीचा मंदपणा भरून निघतो. पुढे स्वित्झर्लंडमधील घड्याळजींच्या घराण्यात जन्मलेल्या गीयोम यांनी तापमानाचा फारसा परिणाम न होणारे निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधले. त्यासाठी १९२० साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नंतरच्या घड्याळांत चिरलेल्या चक्राची गरज उरली नाही.

तुमच्या घरचे घड्याळ कोणत्या प्रकारचे? स्वतः मात्र ते उघडू नका, आणि वर्षानुवर्षे बंद असेल तर किल्लीही देऊ नका. आतले तेल सुकलेले असते. कोरड्या आसांची झीज पुन्हा भरून येत नाही. जाणत्या घड्याळजीकडून ते साफ करून घ्या. तबकडीवर अंधारात चमकणारा जुना रंग असेल तर तो खरवडू नका. त्यात रेडियम असू शकते. आणि कूलरजवळ ठेवू नका, ओलाव्याने कमान गंजते.

साफ झालेल्या घड्याळावर प्रयोग करा. जानेवारीत आठवडाभर ते एकाच जागी, तबकडी वर करून ठेवा. रोज ठरावीक वेळी किल्ली द्या, मोबाइलवरील वेळेशी ताडून पाहा, खोलीचे तापमान टिपा. मे महिन्यात हेच पुन्हा करा. अंशामागे दिवसाला १० सेकंदांच्या आसपास फरक आला तर चक्र साधे. एकदोन सेकंदच आला तर ती कारागिराची करामत.

चांदीच्या मोहाने अशी घड्याळे सराफाकडे जातात. डबी वितळते, यंत्र भंगारात पडते. तेव्हा तुमची टिपणवही घरच्या मंडळींना दाखवा. घड्याळ कोणाचे, घरात केव्हा आले, तेही त्यांना विचारून वहीत लिहा आणि वही घड्याळाबरोबरच ठेवा.