एकाच लाइनवर दोन प्रोटोकॉल: 'अर्नेट' आणि तुमच्या फोनमधले थर

३ एमबीचा एक फोटो पाठवायला ४० मिनिटं लागली तर? जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई दरम्यान 'अर्नेट'ची पहिली लीज्ड लाइन सुरू झाली. तिचा वेग होता ९.६ केबीपीएस. हिशोब करून बघा, उत्तर साधारण तेवढंच येतं.

अर्नेट म्हणजे भारतातलं इंटरनेटच्या आधीचं इंटरनेट. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ते सुरू केलं. मुंबईची एनसीएसटी, बेंगळुरूची आयआयएससी आणि पाच आयआयटी त्यात होत्या.

प्रश्न काय होता?

त्या काळात प्रत्येक कंपनीच्या कॉम्प्युटरची नेटवर्कची पद्धत वेगळी. मग ते एकमेकांशी बोलणार कसे? यावर उपाय निघाला: कामाचे थर पाडायचे.

- सगळ्यात खाली लिंक: वायर किंवा वाय-फायवरून बिट्स पुढच्या टप्प्यापर्यंत नेणे.
- त्यावर आयपी: पत्ता बघून पॅकेटला वाट दाखवणे.
- त्यावर टीसीपी: हरवलेलं पॅकेट परत मागवणे, क्रम लावणे.
- सगळ्यात वर ॲप: ईमेल, वेबसाइट, चॅट.

प्रत्येक थराने आपलं काम करायचं, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही.

दोन्ही चालवून बघितले

तेव्हा जगात दोन दावेदार होते. एक टीसीपी/आयपी, अमेरिकेतलं आर्पानेट १ जानेवारी १९८३ ला त्यावर आलं होतं. दुसरा, आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सात थरांचा ओएसआय. जिंकणार कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्नेटने लीज्ड लाइनवर दोन्ही चालवले! हे जमलं ते थरांमुळेच, कारण वरून कोणता प्रोटोकॉल जातोय याच्याशी लाइनला काही देणंघेणं नसतं.

ओएसआय कागदावर भारी होता, पण टीसीपी/आयपी युनिक्ससोबत तयार मिळत होता आणि चालत होता. १९९५ पर्यंत अर्नेटवरचा जवळपास सगळा ट्रॅफिक टीसीपी/आयपीवर आला.

तुम्हाला याचा उपयोग काय?

धरमपेठेत घरी वाय-फाय, सीताबर्डीला गेलात की ४जी. खालचा थर बदलला, पण त्यासाठी व्हॉट्सॲप बदलावं लागलं नाही. कारण तेच.

आता नेट अडकलं की थराथराने शोधा. वाय-फायचे दांडे फुल आहेत, पण काहीच उघडत नाही? ते दांडे फक्त फोन ते राउटर एवढंच सांगतात. मोबाइल डेटा लावून बघा. डेटावर सगळं चाललं, तर गडबड राउटरमध्ये किंवा त्याच्या पुढच्या लाइनमध्ये. बाकी सगळं चालतंय आणि एकच ॲप रुसलंय? मग बहुतेक घोळ वरच्या थरात, म्हणजे त्या ॲपमध्ये किंवा त्याच्या सर्व्हरवर. अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करून काही होणार नाही.