जुन्या मोटारसायकलचा अस्सल कार्बोरेटर : नंबर वाचणाऱ्या मिस्त्रीला काम आहे

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम लागू झाला आणि जवळजवळ सर्व नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्शन आले, सेन्सर आले, कंपनीचा संगणक आला. चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, आलापल्ली येथील आमच्या मिस्त्री बांधवांच्या हातचे एक मुख्य काम त्यामुळे कमी होत चालले आहे. परंतु त्याच कारणाने एक दुसरे काम महाग झाले आहे, आणि त्याकडे आमचे लक्ष असावयास हवे. जुनी बुलेट, जावा, येझ्दी किंवा राजदूत जशी कारखान्यातून निघाली तशीच उभी करून मागणारे गिऱ्हाईक ते काम घेऊन येते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांवरील गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी व इंजिनमध्ये मोठा बदल नसावा, अशी त्यात अट आहे. एवढा खर्च करणारा मालक मद्रासच्या जुन्या बुलेटवर बाजारातला कोणताही कार्बोरेटर चढवून घेणार नाही. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० अजून या व्याख्येत बसत नाही, पण तिचे शौकीन त्याहून हट्टी आहेत.

म्हणून पहिले काम ओळख पटविण्याचे. बॉडी रॉकेलने धुवा, ब्रशने घासा, आणि नंबर उजेडात वाचा. सँडब्लास्ट करू नका, नंबर पुसला जातो.

बुलेटचे उत्पादन मद्रासमध्ये १९५५ नंतर सुरू झाले. त्या सुरुवातीच्या गाड्यांवर इंग्लंडच्या अमल कंपनीच्या 'मोनोब्लॉक' जातीचा कार्बोरेटर सापडतो. फ्लोटची डबी बॉडीच्या बाजूला, बॉडीसोबतच ओतलेली, ही त्याची खूण. बॉडीवर ३७६ आणि त्यापुढे तिरकी रेघ मारून आणखी एक आकडा असतो. ३७६ ही फक्त जात झाली. रेघेनंतरचा आकडा कोणत्या गाडीसाठी कोणते जेट, कोणती स्लाइड बसविली ते सांगतो. सारी मेख या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि पुष्कळजण तोच वाचत नाहीत. बाहेरून दोन ३७६ सारखे दिसतात, आतून ते दोन वेगळ्या गाड्यांचे असू शकतात.

१९६७ च्या सुमारास अमलने 'कॉन्सेंट्रिक' काढला. त्यात डबी खाली आणि मेन जेट तिच्या मधोमध. ६२६ म्हणजे ६०० मालिका, २६ मिलिमीटर भोक. ९३० म्हणजे ९०० मालिका, ३० मिलिमीटर. आधी एल किंवा आर अक्षर असेल तर तो डाव्या किंवा उजव्या बाजूचा. पुढच्या काळातील ३५० बुलेटवर मिकार्ब व्हीएम २४ आणि ५०० वर व्हीएम २८ येऊ लागला. तेथेही आकडा भोकाचाच आहे. जावावर मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा जिकोव्ह. बाजारातल्या नकली मिकार्बचे अक्षर पुसट ओतलेले असते आणि स्लाइड हातात घेताच खुळखुळते.

आता दुरुस्ती. अमलची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, मऊ. कोळसा आणि सिमेंटच्या धुळीत चाललेल्या गाडीची स्लाइड व बॉडी दोन्ही एकमेकांना खातात. मग हवा बाजूने शिरते आणि गाडी आयडलला राहत नाही. मिस्त्री स्क्रू फिरवत बसतो, दोष मात्र स्क्रूचा नसतो. नवी स्लाइड घालूनही भागत नाही, कारण भोक अंडाकार झालेले असते. अशा वेळी चांगल्या लेथवाल्याकडून बॉडी बोअर करून पितळेच्या स्लीव्हची स्लाइड बसविणे हा खरा इलाज. आमच्या टर्नर बांधवांसाठीही हे काम आहे. फ्लँजचे नट फार आवळल्याने फ्लँज वाकते. सपाट काचेवर एमरी कागद ठेवून ती सरळ करा. कॉन्सेंट्रिकचा पायलट जेट बॉडीत दाबून बसविलेला असतो, तो बाहेर निघत नाही. हवेच्या दाबाने न सुटल्यास ०.०१६ इंच जाडीची तार हळूच घाला. इतर जेटमध्ये मात्र लोखंडी तार घालू नये. अमलच्या जेटवरचा आकडा त्यातून मिनिटाला किती घनसेंटीमीटर पेट्रोल जाते त्याचा आहे. भोक खरवडले की आकडा खोटा ठरतो.

जुळवणीचा क्रमही ध्यानात ठेवावा. थ्रॉटलच्या पहिल्या आठव्या भागापर्यंत पायलट जेट, पुढे पावपर्यंत स्लाइडचा काप, पाव ते पाऊण सुई, आणि त्यावर मेन जेट. गाडी जेथे अडखळते तेवढाच भाग पाहा, सगळे एकदम बदलू नका.

राजदूत ३५० चे काम अधिक जोखमीचे. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. बोट लावून किंवा आरशात पाहून केबलचे अॅडजस्टर जुळवावे. एका बाजूला पेट्रोल कमी पडले तर ते टू-स्ट्रोक इंजिन गरम होऊन पिस्टन जाम होते. आलापल्ली ते सिरोंचा सुमारे शंभर किलोमीटरच्या जंगल रस्त्यात हे झाले तर गिऱ्हाईक तुमचे नाव कसे घेईल, ते सांगावयास नको.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. ते पाणी ओढते, पावसाळ्यात तर जास्तच. उभ्या गाडीच्या डबीत पांढरी भुकटी साचते, जुने रबर फुगते. म्हणून विटॉनचे टोक असलेली सुई आणि विटॉनचेच सील वापरा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर डबी रिकामी करून द्या. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, तेव्हा मेन जेट एक पायरी मोठा लागू शकतो. मूळ जेट मात्र पिशवीत घालून मालकाच्या हाती द्यावा.

शेवटी व्यवहार. गाडी घेतानाच बॉडीचा नंबर, जेटचे आकडे आणि काढलेल्या भागांची यादी दोन प्रतींत लिहा, एक मालकाला द्या. गिऱ्हाइकाचा अस्सल कार्बोरेटर अमानत असते. जुनी बॉडी भंगारात किलोने विकली जाते आणि मालकाला नकली मिळते, असे काही ठिकाणी घडते, आणि त्याची झळ शेजारच्या प्रामाणिक गॅरेजलाही बसते. भंगाराचा धंदा करणाऱ्या बांधवांनीही अमलची बॉडी वितळवायला देण्यापूर्वी तिचा नंबर वाचून पाहावा. भट्टीत तिला केवळ जस्ताचा भाव मिळतो.