तळ्याच्या पाण्यावर ठरलेली भाताची जात

पेरणीविना उगवणाऱ्या, लांब कुसळांच्या भाताला आपल्याकडे देवभात म्हणतात. छत्तीसगडात हलषष्ठीला नांगर न लागलेला पसहर तांदूळ खातात, तोही असाच. वनस्पतिशास्त्राने मात्र या रानभाताच्या दोन जाती केल्या: तांबड्या कुसळांवरून नाव पडलेली ‘ओरायझा रुफिपोगॉन’ आणि १९६५ साली शर्मा व शास्त्री यांनी ऋषींच्या ‘नीवार’ धान्यावरून नाव दिलेली ‘ओरायझा निवारा’. दोघींच्या लोंब्या शेजारी ठेवल्या तर भलेभले चुकतात. फरक कळतो तो तळं आटताना. रुफिपोगॉन बारमाही ओलीत वाढते, पेरांना मुळं फोडत वर्षानुवर्षं जगते. तिचे परागकोश लांब, परपरागण जास्त आणि दाणे कमी. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या डबक्यातल्या निवाराला एवढी उसंत नसते. ती एका हंगामात, बहुतांशी स्वतःच्याच परागांवर, सगळी कमाई दाण्यांत ओतते. पिकताच झडलेले हे दाणे चिखलात पुढच्या पावसाची वाट पाहतात.

यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. दोघींची गुणसूत्रं चोवीसच, संकर सहज होतो, त्याला बीही धरतं, मधले नमुनेही सापडतात. म्हणून काही अभ्यासक त्यांना एकाच जातीची दोन रूपं मानतात. पण निवारा सहसा आधी फुलते, शिवाय स्वपरागण करते. देवाणघेवाण त्यामुळे आपोआप आटते. एका जातीच्या दोन जाती होण्याची वाट इथे अर्धी चालून झाली आहे, असं मला वाटतं. अर्ध्या वाटेवर मधले नमुने भेटणारच.

मग हा नुसता नावाचा वाद का? भातावरच्या ‘ग्रासी स्टंट’ विषाणूला दाद न देणारा गुण फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेला हजारो वाण तपासल्यावर उत्तर प्रदेशातल्या निवाराच्या एका नमुन्यात मिळाला; ‘आयआर ३६’ या वाणात तो उतरला. चीनच्या संकरित भाताचं मूळ १९७० साली हैनान बेटावर सापडलेल्या रुफिपोगॉनच्या नरवंध्य रोपात आहे. ठेवा दोन्हीकडे आहे, जपायची रीत मात्र वेगळी. निवाराचं बी भरपूर आणि बरंचसं आईवर गेलेलं, म्हणून ते शीतकोठारात बऱ्यापैकी टिकवता येतं. रुफिपोगॉनचं बी मुळात थोडं, त्यातही दाणागणिक वेगळं. तिच्यासाठी तळंच राखावं लागतं, तेही भातशेतीपासून लांबचं, कारण बांधापलीकडच्या पिकाचे पराग तिलाही चालतात.